पेंडीत राहिलेले तेल

नाशिकच्या पांडवलेण्यांत आभीर राजा ईश्वरसेन याच्या कारकीर्दीतील एक शिलालेख आहे. ख्रिस्तोत्तर तिसऱ्या शतकातील या लेखात विष्णुदत्ता नावाच्या एका शक उपासिकेने त्रिरश्मी पर्वतावरील भिक्षुसंघातील आजारी भिक्षूंच्या औषधोपचारासाठी केलेल्या दानाची नोंद असून, त्या दानाची रक्कम कायमची ठेव म्हणून ज्या श्रेणींच्या हवाली करण्यात आली त्यांत पाण्याची यंत्रे करणाऱ्या कारागिरांच्या बरोबरीने तिलपिषकांची, म्हणजे तेल्यांची, श्रेणीही आहे. ज्या धंद्याकडे धर्मकार्याचा अक्षयनिधी निःशंकपणे सोपवावा आणि त्याचे व्याज पिढ्यानुपिढ्या येत राहील असे गृहीत धरावे, तो धंदा त्या काळी किती सुस्थिर आणि पतदार असला पाहिजे याचा अंदाज यावरून सहज येतो. या लेखाला सोळाशे वर्षे उलटल्यावरही, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, दख्खनमधील तीळ, करडई, जवस आणि कारळे याच व्यावसायिकांच्या हातून, बैलाच्या बळावर फिरणाऱ्या घाण्यातून गाळले जात होते. त्यानंतरच्या दीडशे वर्षांत मात्र घाण्यामागून जलदाबयंत्र, मळसूत्री एक्स्पेलर आणि रासायनिक द्रावक अशी साधनांची रांगच एकापाठोपाठ एक उभी राहिली. आणि प्रत्येक नव्या साधनाच्या आगमनाबरोबर एकच जुना प्रश्न नव्याने पुढे आला, तो असा की, बी गाळल्यानंतरही जे तेल पेंडीत अडकून राहते ते कोणी काढावयाचे आणि ते कोणाच्या वाट्याला जावयाचे. त्या राहिलेल्या तेलाचा माग काढीत गेले म्हणजे या उद्योगाचा इतिहास बऱ्याच अंशी उलगडतो.

मराठी गावगाड्यात तेल्याची गणना अलुतेदारांत होत असे. सुतार-लोहाराप्रमाणे कुणब्याचे प्रत्येक काम त्याच्यावाचून अडत नसले, तरी स्वयंपाकाची फोडणी, रात्रीचा दिवा, गाड्याच्या आसाचे वंगण, पैलवानाची मालिश आणि देवळातला नंदादीप हे सारे त्याच्याच घरातून चालत असल्यामुळे त्याच्यावाचून गावाला एक दिवसही काढणे कठीण होते. सरकारदरबारी त्याचा घाणा हे उत्पन्नाचे साधन मानले जाई. मोहतर्फा म्हणून कारागिरांवर आणि दुकानदारांवर जी पट्टी बसे तीत घाण्यावरचा आकारही असे, आणि देवस्थानाच्या दिवाबत्तीसाठी घाण्यामागे ठराविक तेल देण्याची वहिवाट अनेक ठिकाणी होती. चाकणचे संताजी जगनाडे हे याच व्यवसायातले. तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांपैकी एक आणि त्यांच्या अभंगांचे लेखक म्हणून त्यांचे नाव महाराष्ट्रात आदराने घेतले जाते. कोकणात कुलाब्याच्या किनाऱ्यावर तर बेने इस्राएल समाजाने शतकानुशतके हाच धंदा केला, आणि शनिवारी ते घाणा बंद ठेवीत म्हणून शेजारचे लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. जातिधर्माच्या भिंती इतक्या पक्क्या असलेल्या समाजात एखादा धंदा दूरदेशाहून आलेल्या ज्यू लोकांना मोकळेपणाने स्वीकारता यावा, ही गोष्ट त्या धंद्याच्या व्याप्तीची साक्ष देण्यास पुरेशी आहे.

घाण्याची रचना वरकरणी साधी होती. जमिनीत पक्के रोवलेले, आतून पोखरलेले लाकडाचे वा दगडाचे उखळ. त्यात तिरपी उभी केलेली जड लाट. त्या लाटेच्या माथ्याला जखडलेली आणि उखळाभोवती फिरणारी आडवी फळी. त्या फळीवर दाबासाठी ठेवलेले दगड, किंवा दगडांच्या ऐवजी बसलेला तेली अथवा त्याचे पोर. आणि डोळ्यांना झापडे बांधून गोल फिरत राहणारा बैल, एवढाच तो संसार. पण या संसारात कसब होते ते बी ओळखण्याचे. तिळावर पाण्याचा हबका किती मारावा, करडई किती भरडून घ्यावी, जवस थंडीच्या दिवसांत आधी उन्हात किती वेळ ठेवावे, हे हाताला ठाऊक असावे लागे. पाणी कमी पडले तर भुगा कोरडा राहून तेल सुटत नसे आणि अधिक झाले तर सारा लगदा लाटेला चिकटून बसे. तासा-दीड तासाने भुग्याची पेंड उखळाच्या कडांना घट्ट बसे आणि मधोमध तेल साचू लागे. ज्या घाण्याला खाली मोरी असे त्यातून ते भांड्यात उतरे, आणि ज्याला नसे त्यात तेली चिंध्यांचा बोळा बुडवून तो मडक्यात पिळीत असे. मग पहारीने पेंड खणून काढावयाची, उखळ पुसावयाचे आणि पुढचा घाणा घालावयाचा. सर्वसाधारण घाण्यात सुमारे 10 किलो बी गाळण्यास दोन तास लागत, आणि तीन-चार तासांच्या फेऱ्यांनंतर बैल थकून दुसरा जुंपावा लागे. म्हणजे भल्या पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत राबूनही एका घाण्याचे दिवसाचे गाळप अर्ध्या क्विंटलच्या फारसे पुढे जात नव्हते.

या घाण्यातून निघालेल्या पेंडीत शेकडा 10 ते 14 भाग तेल राहत असे. आधुनिक रसायनवेत्त्याच्या दृष्टीने हा निव्वळ अपव्यय होय. पण त्या काळच्या गावाने त्याला अपव्यय मानले नव्हते, कारण ती पेंड गावाच्या वेशीबाहेर जातच नव्हती. तिळाची, करडईची आणि जवसाची पेंड दुभत्या जनावरांच्या आणि बैलांच्या दावणीत पडे, तर करंजीची आणि एरंडीची पेंड, जी जनावराला विषारी म्हणून चालत नसे, ती बागाईत जमिनीत खत म्हणून जाई. लाटेने जे सोडले ते गाईने दुधातून आणि जमिनीने पिकातून परत केले, असा तो हिशेब होता. हा हिशेब फार श्रीमंतीचा नव्हता, हेही तितकेच खरे. दुष्काळात बी नसले की घाणा थांबे आणि तेल्याच्या घरची चूलही थांबे.

हा स्थिर हिशेब बिघडविला तो यंत्राने नव्हे, तर वाहतुकीने. 1853 साली मुंबई-ठाणे लोहमार्ग सुरू झाला, 1867 साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली, आणि 1869 साली सुएझचा कालवा खुला होऊन मुंबई व युरोप यांतील समुद्रमार्ग हजारो मैलांनी आखूड झाला. या तीन घटनांनी वऱ्हाड-नागपूरकडचे जवस एकाएकी जगाच्या बाजारात नेऊन ठेवले. युरोपात त्या वेळी रंग, वार्निश आणि लिनोलियम यांच्या कारखान्यांना जवसाच्या तेलाची, आणि साबणाच्या कारखान्यांना तीळ व भुईमूग यांच्या तेलाची अनिवार भूक लागलेली होती. इंग्लंडातील हल, फ्रान्समधील मार्सेय आणि जर्मनीतील हांबुर्ग ही बंदरे तेलगाळणीची केंद्रे बनली, आणि मुंबईच्या दाणाबंदरावर गळिताच्या धान्यांच्या थप्प्या लागू लागल्या. जवस आणि एरंडी यांचा वायदा खेळला जाऊ लागला, आणि 1900 साली तेलबिया व कापूस यांच्या वायद्यासाठी गुजराती व्यापारी मंडळी नावाची संघटनाही उभी राहिली.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. हिंदुस्थानातून तेल जात नव्हते, बी जात होते. युरोपातील अनेक राष्ट्रांनी आपल्या तेलगिरण्यांच्या संरक्षणासाठी तयार तेलावर जबर आयातकर बसविला होता आणि बी मात्र विनाकर अथवा नाममात्र करावर आत घेतले जात होते. त्यामुळे मुंबईत गिरणी घालून तेल पाठवू पाहणाऱ्या उद्योजकाला दारातच अडसर लागे. शिवाय बी पोत्यांत भरून पाठविणे सोपे, तेल पिंपांत भरून पाठविणे खर्चाचे आणि गळतीचे. परिणामी तेलाबरोबर पेंडही परदेशी गेली आणि ती हल-हांबुर्गच्या आसपासच्या गोठ्यांत विलायती गाईंच्या मुखी लागली. 1889 मध्ये हिंदुस्थान सरकारने शेतीच्या पाहणीसाठी बोलाविलेले डॉ. जॉन ऑगस्टस व्होल्कर यांनी 1893 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या अहवालात या व्यवहाराचे मर्म दाखविले. तेल हे कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचे बनलेले, म्हणजे हवेतून आणि पाण्यातून आलेले. नत्र, स्फुरद आणि इतर क्षार, म्हणजे जमिनीचा जो खरा कस, तो सारा पेंडीत राहतो. तेव्हा केवळ तेल निर्यात केले तर शेताचे फारसे काही जात नाही. बी निर्यात केले की शेतच थोडे थोडे जहाजात भरले जाते. याच सुमारास, 1890 पासून, पुण्यात भरू लागलेल्या औद्योगिक परिषदेत न्यायमूर्ती रानडे कच्चा माल पाठवून पक्का माल विकत घेणाऱ्या देशाच्या दैन्याची मीमांसा करीत होते. गळिताच्या धान्यांइतके त्या मीमांसेचे नेमके उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

इकडे गावातल्या तेल्यावर दुसऱ्याच बाजूने घाला पडला. अमेरिकेतून आणि पुढे रशियातून व ब्रह्मदेशातून आलेल्या रॉकेलने अवघ्या वीस-पंचवीस वर्षांत करडई, एरंडी आणि करंज यांच्या दिव्यांना निवृत्त केले. रॉकेल स्वस्त, त्याचा उजेड अधिक, आणि ते चौकोनी पत्र्याच्या डब्यातून आल्यामुळे साठवायला सोपे. तेल्याच्या चामडी बुधल्याला हा डबा भारी पडला. पुढे रिकाम्या झालेल्या याच मापाच्या डब्यात खाण्याचे तेलही भरले जाऊ लागले आणि घाऊक बाजारात डबा हेच तेलाचे परिमाण होऊन बसले. दिव्याच्या तेलाचे गिऱ्हाईक गेले तेव्हा तेल्याच्या हाती केवळ खाण्याच्या तेलाचे गिऱ्हाईक उरले, आणि यंत्राशी त्याची गाठ पडली ती अशा अर्ध्या मोडलेल्या स्थितीत.

यंत्रे दोन प्रकारची आली. पहिले जलदाबयंत्र. जोसेफ ब्रामा या इंग्रज यंत्रज्ञाने 1795 साली पाण्याच्या दाबाने प्रचंड भार निर्माण करण्याची युक्ती शोधून काढली होती. तिचा उपयोग करून शिजविलेला भुगा कापडाच्या पिशव्यांत गुंडाळावयाचा, पोलादी पाट्यांमध्ये थरावर थर रचावयाचा आणि दाबावयाचा, ही पद्धत एकोणिसाव्या शतकात युरोपभर रूढ झाली. तिच्यात तेल चांगले निघे, पण प्रत्येक खेपेला पिशव्या भरणे आणि सोडविणे यांत माणसांची फौज लागे. दुसरे यंत्र अमेरिकेतील क्लीव्हलंडच्या व्हॅलेरियस अँडरसनने 1900 साली पेटंट केलेले एक्स्पेलर होय. लोखंडी पट्ट्यांच्या पिंजऱ्यात फिरणारे एक जाड मळसूत्र एका तोंडाने बी आत घेते, पुढे पुढे ढकलीत अधिकाधिक चिरडते, पट्ट्यांच्या फटींतून तेल पाझरते आणि दुसऱ्या तोंडाने पेंडीचे पातळ कडक तुकडे बाहेर पडतात; थांबणे नाही, पिशव्या नाहीत, आणि एक माणूस दोन-तीन यंत्रांवर लक्ष ठेवू शकतो. एक्स्पेलरच्या पेंडीत शेकडा 6 ते 8 भाग तेल राही. भुईमुगाच्या 100 किलो दाण्यांत सुमारे 48 किलो तेल धरले तर घाण्याच्या पेंडीत त्यातील सात किलोंच्या आसपास अडकून पडे, एक्स्पेलरच्या पेंडीत चार किलोंच्या आसपास. हा तीन किलोंचा फरक म्हणजेच गिरणीमालकाचा नफा, आणि हा फरकच घाण्याचा काळ ठरला.

पहिल्या महायुद्धाने या बदलाला वेग दिला. जर्मनीचा बाजार एका रात्रीत बंद झाला, जहाजे मिळेनाशी झाली, आणि निर्यातीसाठी जमविलेले बी देशात पडून राहिले. युद्धकाळात सर टॉमस हॉलंड यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या औद्योगिक आयोगाने, ज्याचे पंडित मदनमोहन मालवीय हेही एक सभासद होते, 1918 च्या अहवालात तेलबिया देशातच गाळण्याच्या प्रश्नाचा विचार केला. त्याच्या आदल्या वर्षी, 1917 साली, टाटांनी टाटा ऑइल मिल्स ही कंपनी काढून कोचीनजवळ नारळाच्या खोबऱ्याचे तेल गाळण्याचा मोठा कारखाना उभारण्यास हात घातला होता. महाराष्ट्रात या काळात भुईमुगाचे क्षेत्र झपाट्याने पसरत होते. जुने वाण रोगाने खालावल्यावर कृषिखात्याने परदेशी वाण आणून रुजविले, आणि सातारा-कोल्हापूरपासून खानदेशपर्यंत कोरडवाहू कुणब्याच्या हाती हे नगदी पीक आले. जेथे भुईमूग पिकला तेथे शेंगा फोडण्याची यंत्रे आली, जेथे शेंगा फुटल्या तेथे ऑइल इंजिनावर चालणारी गिरणी आली, आणि तालुक्याच्या पेठेत जिनिंग-प्रेसिंगच्या शेजारी तेलगिरणीची चिमणी दिसू लागली. तेल्याच्या कुटुंबातील काही धडपडे लोक या गिरण्यांचे मालक झाले. बहुतेकांना मात्र बैल विकून दुसरा रोजगार पाहावा लागला.

तेल काढण्याच्या पद्धतींपेक्षा वेगळी, पण त्यांच्यावर दूरगामी परिणाम करणारी आणखी एक विद्या याच काळात आली. विल्हेल्म नॉर्मान या जर्मन रसायनज्ञाने विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी निकेलच्या सान्निध्यात तेलात हायड्रोजन मिळवून ते घट्ट करण्याची कृती सिद्ध केली, आणि द्रव तेलातून तुपासारखा दिसणारा पदार्थ बनू लागला. आधी हॉलंडकडून आयात होणारे हे वनस्पती तूप 1931 साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान वनस्पती मॅन्युफॅक्चरिंग कंपनीने मुंबईत शिवडीला बनविण्यास सुरुवात केली, आणि 1937 पासून डालडा हे नाव घरोघर पोहोचले. आता भुईमुगाच्या तेलाला एक असे गिऱ्हाईक मिळाले की ज्याला हजारो टन माल एकसारख्या गुणाचा आणि सतत हवा होता. असा माल गावोगावच्या घाण्यांकडून गोळा होणे शक्यच नव्हते. 29 डिसेंबर 1945 रोजी खानदेशात अमळनेर येथे वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स या कंपनीची नोंदणी झाली ती याच हिशेबाने. मुंबईचे धान्यव्यापारी मोहमद हाशम प्रेमजी यांनी भुईमुगाच्या मुलखात वनस्पतीचा आणि 787 नावाच्या धुण्याच्या साबणाचा कारखाना घातला. साने गुरुजींची शाळा आणि तत्त्वज्ञान मंदिर यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावात सुरू झालेली ही तेलाची कंपनी पुढे विप्रो म्हणून संगणकाच्या धंद्यात जगभर गेली; तिचे भांडवल मूळ शेंगदाण्यातून आले, हे आज फारसे कोणाच्या स्मरणात नाही.

वनस्पतीने तुपाच्या भेसळीचा मोठा वादही उभा केला. पंडित ठाकुरदास भार्गव यांनी तर संसदेत त्यावर बंदी घालणारे विधेयक आणले. बंदी आली नाही; पण सरकारने एक नामी तोड काढली. प्रत्येक वनस्पतीत शेकडा 5 भाग तिळाचे तेल घालणे सक्तीचे करण्यात आले, कारण तिळाच्या तेलात असा एक घटक असतो की ज्यामुळे तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फर्फ्युरल यांच्या कसोटीला ते तांबूस रंग धरते. तुपात वनस्पती मिसळले की परीक्षानळीत हा रंग उमटे आणि लबाडी उघडी पडे. ज्या तिळाने नाशिकच्या श्रेणीला नाव दिले तोच तीळ अशा रीतीने कारखान्यातल्या मालावर पहारेकरी म्हणून नेमला गेला.

गिरणी आणि वनस्पती यांच्या या दुहेरी चढाईला विरोध झाला तो महाराष्ट्रातच, वर्ध्याला. 1934 च्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. श्रीकृष्णदास जाजू त्याचे अध्यक्ष आणि जे. सी. कुमारप्पा हे संघटक. जमनालाल बजाजांनी दिलेल्या मगनवाडीत संघाचे ठाणे होते, आणि सेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, जाण्यापूर्वी गांधीजी स्वतः येथे राहत होते. येथे झवेरभाई पटेल यांनी घाण्याचा जो अभ्यास केला त्यात भाबडेपणा नव्हता. उखळाच्या पोकळीचा आकार, लाटेचा कल, ओझ्याची मांडणी आणि बैलाच्या चालीचा वेग यांचे प्रयोग करून त्यांनी मगनवाडी घाणा सिद्ध केला. त्यात एका वेळी अधिक बी मावे, एका बैलावर काम भागे आणि पेंडीत राहणारे तेल कमी होई. संघाचे म्हणणे थोडक्यात असे होते: गिरणीने पेंडीतून काढलेल्या अधिक तेलाची किंमत मांडताना बेकार झालेला तेली, गावातून निघून गेलेली पेंड, बियाची आणि तेलाची दुहेरी वाहतूक आणि शिळे होऊन डब्यात भरलेले तेल यांचाही खर्च त्याच पानावर मांडला पाहिजे. या युक्तिवादाला गिरणीवाल्यांनी कधी सरळ उत्तर दिले नाही. त्यांचे उत्तर बाजारभावात होते, आणि गिऱ्हाइकाला तेच समजत होते.

स्वातंत्र्यानंतर हा वाद सरकारच्या फायलीत गेला. पहिल्या पंचवार्षिक योजनेने खाद्यतेलाचे क्षेत्र शक्य तेवढे घाण्यासाठी राखावे, अखाद्य तेले गिरण्यांकडे द्यावीत आणि गिरणीच्या तेलावर लहानसा उपकर बसवून ग्रामोद्योगाला साहाय्य करावे, अशी दिशा आखली. पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ द. गो. कर्वे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 1955 साली ग्रामोद्योग आणि लघुउद्योग यांच्या संरक्षणाची सविस्तर मांडणी केली. आणि 1956 च्या कायद्याने खादी व ग्रामोद्योग आयोग अस्तित्वात आला. आयोगाने सुधारित घाणे वाटले, तेल्यांच्या सहकारी संस्था काढल्या, कर्जे दिली. तरीही एकेका गावातून घाण्याचा आवाज नाहीसा होत गेला, कारण बी खळ्यावरून थेट व्यापाऱ्याच्या आडतीत जात होते, आणि हंगामात भांडवल घालून वर्षाचे बी भरून ठेवण्याची ऐपत तेल्यापाशी नव्हती. घाणा हरला तो तंत्रात जितका, त्याहून अधिक पतपुरवठ्यात.

यानंतर आली ती चौथी पद्धत, जिने पेंडीत राहिलेल्या तेलाचा प्रश्न एकदाचा निकालात काढला. द्रावकाने तेल विरघळवून काढण्याची कल्पना फ्रान्समधील डाइस याने 1855 साली कार्बन डायसल्फाइड वापरून मांडली होती. पुढे जर्मनीत पहिल्या महायुद्धानंतर अखंड चालणारी यंत्रे बनली, आणि द्रावक म्हणून पेट्रोलियमपासून निघणारे हेक्झेन सर्वमान्य झाले. या कारखान्यात बी किंवा एक्स्पेलरची पेंड रुळांत दाबून पापुद्र्यांसारखी पातळ करतात. त्या पापुद्र्यांवरून कोमट हेक्झेन पुनःपुन्हा झिरपविले जाते. तेल घेऊन खाली आलेले मिश्रण तापवून हेक्झेनची वाफ वेगळी काढतात आणि ती थंड करून पुन्हा वापरतात. मागे राहिलेल्या पेंडीलाही वाफ देऊन तिच्यातील हेक्झेनचा अंश घालवितात. शेवटी जी पेंड उरते तिच्यात तेल शेकडा एक भागाहूनही कमी असते. हेक्झेनची वाफ हवेहून जड आणि अत्यंत ज्वालाग्राही असल्यामुळे ती जमिनीलगत पसरते आणि एका ठिणगीने पेट घेते. म्हणून असा कारखाना वस्तीपासून दूर, मोकळ्या आवारात, ठिणगी न उडणारी विजेची साधने बसवून उभारावा लागतो, आणि काडीपेटी फाटकावर ठेवूनच आत जाता येते. दिवसाला 50 टनांपासून शेकडो टनांपर्यंत बी पचविणाऱ्या या कारखान्यांपैकी 200 टनांचा एकच कारखाना घेतला, तरी चार हजार घाण्यांचे दिवसभराचे काम तो करतो.

या विद्येसाठी लागणारी माणसे घडविण्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. कामठीचे खाणमालक रावबहादुर डी. लक्ष्मीनारायण यांनी 1930 साली नागपूर विद्यापीठाला मृत्युपत्राने दिलेल्या संपत्तीतून 1942 साली लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी निघाली, आणि तेलतंत्र हा तेथील प्रमुख विषय होता. 1963 साली मुंबईत द्रावक-पद्धतीच्या कारखानदारांची संघटना स्थापन झाली, आणि 1967 च्या नियंत्रण आदेशाने द्रावकाने काढलेले तेल शुद्ध केल्यावाचून खाण्यास विकू नये असा दंडक घातला गेला. या कारखान्यांनी आरंभी गिरण्यांची पेंडच कच्चा माल म्हणून घेतली. म्हणजे घाण्याने आणि एक्स्पेलरने जे सोडले होते ते गोळा करणे हाच त्यांचा धंदा. निघालेली निस्तेल पेंड परदेशी कोंबड्या-डुकरांच्या खाद्यासाठी निर्यात होऊ लागली आणि देशाला परकीय चलन मिळू लागले. व्होल्करने ज्या गोष्टीची खंत केली होती ती येथे उलटून पुन्हा उभी राहिली: तेल देशात राहिले, नत्राने भरलेली पेंड मात्र जहाजात गेली.

द्रावकामुळे कधी न गाळलेली बीजे गळू लागली, हा या पद्धतीचा खरा पराक्रम म्हटला पाहिजे. भंडारा-गोंदियाच्या भातगिरण्यांत निघणारा तांदळाचा कोंडा पूर्वी गुरांना जाई; त्यात शेकडा 15 ते 20 भाग तेल असते, परंतु भात सडताच कोंड्यातील एक विकर त्या तेलाचे विघटन करू लागतो आणि काही दिवसांतच ते खाण्यास निरुपयोगी होते, म्हणून कोंडा ताजा असतानाच कारखान्यात पोहोचावा लागतो. सोयाबीनची गोष्ट त्याहून मोठी. त्यात तेल शेकडा 18-20 भागच; एक्स्पेलरने गाळले तर त्यातील जवळजवळ तिसरा हिस्सा पेंडीत अडकून राहतो आणि धंदा बुडतो, द्रावकाने गाळले तर विसावा हिस्साही राहत नाही. द्रावक नसते तर सोयाबीनने विदर्भ आणि मराठवाडा व्यापला नसता, आणि लातूर ही सोयाबीनची बाजारपेठ म्हणून नावारूपाला आली नसती. याच पिकाने करडई आणि जवस यांना शेतातून हुसकावले, ही त्याची दुसरी बाजू.

क्षमतेच्या बाबतीत मात्र या देशाचे धोरण दुभंगलेले राहिले. एका बाजूने द्रावकाच्या मोठ्या कारखान्यांना उत्तेजन, आणि दुसऱ्या बाजूने भुईमूग व मोहरी यांचे तेल, द्रावकाने काढलेले सोडून, लघुउद्योगासाठी राखीव. हे आरक्षण थेट 2015 च्या एप्रिलमध्ये उठले. परिणाम असा झाला की, लहान गिरण्या हजारोंनी निघाल्या, त्यांना आपले यंत्र वाढविण्याची मुभा नव्हती, आणि मोठ्या कारखान्यांना पुरेसे बी नव्हते. 1986 साली केंद्र सरकारने तेलबिया तंत्रज्ञान मोहीम हाती घेतली तेव्हा प्रथमच गिरणीपेक्षा शेताकडे लक्ष गेले. सुधारित बियाणे, आधारभाव, आयातीवरचा अंकुश आणि राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने धारा या नावाने केलेली बाजारपेठेतील मध्यस्थी यांच्या जोरावर तेलबियांचे उत्पादन 1985-86 मधील सुमारे 108 लाख टनांवरून 1990-91 मध्ये सुमारे 186 लाख टनांवर गेले, आणि देश जवळजवळ स्वयंपूर्ण झाला. पाच वर्षांत जे साधले त्याला पीतक्रांती म्हटले गेले, आणि ते नाव अवास्तव नव्हते. पण 1994 पासून पामोलीनची आयात खुली झाली आणि पुढील चार-पाच वर्षांत आयातकर झपाट्याने उतरविला गेला. मलेशिया आणि इंडोनेशिया येथील पामतेलाने ती सारी कमाई धुऊन नेली. 2022-23 च्या तेलवर्षात देशाने सुमारे 165 लाख टन खाद्यतेल बाहेरून आणले, म्हणजे आपल्या गरजेच्या निम्म्याहून अधिक.

या दीर्घ इतिहासाचा निकाल काय द्यावयाचा? घाण्याला जी निष्ठा मगनवाडीने वाहिली ती आदराने स्मरण्यासारखी असली, तरी शेकडा चौदा भाग तेल पेंडीत टाकून देणारी पद्धत वाढत्या लोकसंख्येचे पोट भरू शकली नसती, हे मान्य केले पाहिजे. आणि द्रावकाच्या कारखान्याचे कौतुक करताना, तो वर्षातील कित्येक महिने बियांअभावी थंड असतो, हेही लपविता येत नाही. दीडशे वर्षे आपण तेलाचा प्रश्न यंत्राच्या तोंडाशी सोडवू पाहिला आणि तेथे तो सुटलाही. आज पेंडीत काढण्याजोगे तेल उरलेले नाही. जे उरलेले नाही ते बी. भुईमूग, करडई आणि सोयाबीन पिकविणारा आपला शेतकरी बहुतांशी कोरडवाहू आहे, त्याचा एकरी उतारा पावसावर आणि त्याचा भाव आयातकराच्या एका अधिसूचनेवर अवलंबून आहे. त्याला हंगामापूर्वी भावाची हमी आणि हंगामात एका संरक्षित पाण्याची सोय झाल्यावाचून गाळपक्षमतेत कितीही भर घातली तरी ती कागदावरच राहील. 1986 ते 1990 या पाच वर्षांनी हे एकदा करून दाखविले आहे. ते पुन्हा करण्यास नवे यंत्र नको, जुनेच धोरण टिकवून धरण्याचा निश्चय पुरे.